अक्का म्हणाली, वाढव

आधीच सांगते, मी लिंबू-मिरचीतली बाई नाही. सासूबाई अमावस्येला नारळ फोडून कोपऱ्यात ठेवायच्या, मी दुसऱ्या दिवशी त्याच खोबऱ्याची चटणी करायचे. या ग्रुपवरचे पिंपळाचे, घाटातल्या बाईचे किस्से मी जेवताना हसत वाचायचे... एका दादांना तर "झोप पूर्ण घेत जा" अशी कॉमेंटही टाकली होती. त्या दादांची आज जाहीर माफी मागते.

माझ्या गोष्टीत पिंपळ नाही, घाट नाही, रात्र तर नाहीच. जे झालं ते भर दुपारी झालं, सोलापुरात, नवी पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात. नावं मी बदलली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं लिहितेय.

त्या ऑफिसात मी सहा वर्षं नोकरी केली. मालकांना हेमंत सर म्हणू. साईट बनवणारे लोक आपापल्या घरून काम करायचे, त्यामुळं ऑफिसात आम्ही दोघंच. धंदा डोमेनचा. डोमेन म्हणजे साईटचं नाव, जे टाईप केलं की साईट उघडते. ते कुणालाच कायमचं मिळत नाही, वर्षा-दोन वर्षांनी त्याची मुदत वाढवून घ्यावी लागते. परराज्यातली एक मोठी कंपनी ही नावं देते आणि मधे आमच्यासारखे रिसेलर, म्हणजे दलाल, असतात. मुदत संपत आली की कंपनीकडून नोटीस येते – तीस दिवस आधी, मग पंधरा, मग सात, मग एक.

आता गंमत बघा. ही नोटीस जायला पाहिजे गिऱ्हाइकाला. पण सरांनी सगळ्या गिऱ्हाइकांच्या नावापुढं ईमेल टाकला होता स्वतःचा! "त्यांना काय कळतंय त्यातलं? उगीच घाबरतील," म्हणायचे. म्हणजे प्रत्येकाची शेंडी सरांच्या हातात. नोटीस आली की मी गिऱ्हाइकाला फोन लावायचा, काय करायचं ते विचारायचं, आणि कॉम्प्युटरवर कंपनीच्या पॅनलमधे त्याच्या नावापुढं शेरा लिहून टिक करायची. ऑफिसच्या मोबाईलवरचा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा.

आणखी एक काम माझ्याकडं होतं. ते नेमणुकीच्या पत्रात नव्हतं. दुपारी सव्वाबाराला सरांचा डबा उघडायचा आणि ताटात वाढायचं. "बाईमाणसानं वाढलेलं अंगी लागतं, अश्विनी." अंगी लागतं म्हणे! एम.कॉम. झालेय मी. पण नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, तो दीड वर्ष घरी बसून... मग काय, गिळलं. रोज भाकरी वाढताना गिळलं.

गौरक्का आमची गिऱ्हाईक. बाळीवेशीत तिचं शेंगाचटणीचं आणि कडक भाकरीचं दुकान होतं. पुढं काउंटर, मागं उखळ. पासष्टीची बाई, कपाळाला विभूती, हाताला कायम लसणाचा वास. नवरा गेल्यावर त्या उखळावर तिनं दोन मुली शिकवल्या. थोरलीनं आईच्याच नावाची साईट काढून दिली. नाव टाईप केलं की अक्काचा मुसळ धरलेला फोटो यायचा, आणि पार दुबईपर्यंतच्या ऑर्डरी त्यावरून यायच्या. दोन बायका हाताखाली होत्या, त्यांचीही घरं त्यावर चालायची. मला ती 'तंगी' म्हणायची – कन्नडात धाकटी बहीण. फोन केला की आधी "जेवलीस का तंगी?" आणि मग काम.

आता एक लक्षात ठेवा, सगळं त्यावरच आहे. दुकानदार माणूस 'दुकान बंद केलं' असं कधी म्हणत नाही. अशुभ ते. तो म्हणतो, 'दुकान वाढवलं.' बायकांची बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. हे काय मी तुम्हाला सांगायला नको.

तर त्या दिवशी अक्काच्या साईटची सात दिवसांची नोटीस आली होती. दुपारचे बारा वाजून गेले होते. मी स्पीकरवर फोन लावला. सर समोरच बसलेले.

"अक्का, मुदत संपतीय. काय करायचं?"

मागं मुसळाचे ठोके ऐकू येत होते. "वाढव की ग तंगी! इचारतीस काय? वाढव."

फोन ठेवून मी टिक करायला गेले, तेवढ्यात सर म्हणाले, "थांब. काय म्हणाली ती?"

"वाढव म्हणाली."

"दुकानदार 'वाढव' म्हणतो म्हणजे काय?"

मला चेष्टा वाटली. मी हसले सुद्धा. "म्हणजे बंद कर," मी म्हटलं.

"मग कर की बंद."

मी सरांकडं वळून बघितलं. मग आठवलं. सरांचे साडू मशीनवर चटणी करून पाकिटं विकायचे. त्या चटणीला कुत्रं विचारत नव्हतं. आदल्या दिवाळीपासून ते सरांच्या मागं लागले होते – अक्काचं नाव मिळालं तर आपलं भाग्य उघडेल.

"सर, अहो, ती मुदत वाढव म्हणाली..."

"मुदत हा शब्द तिच्या तोंडून ऐकलास तू? रेकॉर्डिंग लावू? शेरा लिही – ग्राहकाने फोनवर सांगितले, वाढवा. त्यात एक अक्षर तरी खोटं आहे का?"

नव्हतं. तोच तर नीचपणा! मी लिहिलं. घाईत 'ग्राहकाने' चं 'ग्रहकाने' झालं, ते दुरुस्तही केलं नाही. आणि रिन्यूअलऐवजी 'बंद'वर टिक केली ती याच बोटानं, ज्यानं आता हे टाईप करतेय.

मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही, काही आठवडे सवलतीचे असतात. तेवढे दिवस अक्काचे फोन यायचे. "तंगी, साईट दिसंना ग." सर खूण करायचे आणि मी सांगायचे, "दुरुस्ती चाललीय अक्का, होईल." सवलत संपली, नाव मोकळं झालं, त्याच सकाळी ते साडूंच्या नावावर गेलं. आठ दिवसांत बाजारात पाकिटं आली. त्यावर मोठ्या अक्षरात – गौरक्का.

ती पाकीट घेऊनच ऑफिसात आली. जिना चढून धाप लागलेली. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे काय हाय?"

सरांनी शांतपणे रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज, मुसळाचे ठोके, तिचा आवाज – वाढव की ग, वाढव. "आजी, तुम्हीच सांगितलंत. संध्याकाळी दुकान वाढवता की नाही? तसंच आम्ही वाढवलं."

अक्कानं मोबाईल हातानं बाजूला सारला. मग माझ्याकडं वळली. "तंगी, तू सांग की. मी काय म्हटलं हुतं?"

लोकहो, त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. मी खाली बघून म्हणाले, "रेकॉर्डिंगमधे आहे तेच, अक्का."

ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पाकीट परत पिशवीत ठेवलं आणि सरांना म्हणाली, "बरं. माझा शबूद माझ्याच गळ्यात घातलास. घाल. एक दिस तुलाबी कुनीतरी इचारंल, काय करायचं म्हनून. तवा तूबी 'वाढव'च म्हनशील. दुसरा शबूद तोंडात यायचा न्हाय तुझ्या." दारात थांबून मला म्हणाली, "आन् तू गप बस. तुला सवय हाय."

त्यानंतर दोन महिन्यांत ती गेली. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उठली त्या आठवड्यात. ऑर्डरी बंद, बायका सोडून गेलेल्या, आणि ही एकटी उखळापाशी बसून राहायची, असं थोरली सांगत होती. तिथंच बसल्या बसल्या गेली. मी भेटायला गेले तेव्हा थोरलीनं माझ्या हातात चहा दिला. तिला काहीच माहीत नव्हतं. मी कप तसाच खाली ठेवला. "आईचा नंबर पण बंद करून टाकला ताई," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी देवाकडं एकच मागितलं. या माणसाचं वाटोळं होऊ दे, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. खोटं कशाला बोलू? नोकरी सोडायची धमक नव्हती, पण शाप द्यायला धमक लागत नाही. रोज सव्वाबाराला मी त्यांच्या ताटात वाढायचे आणि मनात म्हणायचे, जळो तुझं!

उन्हाळा सुरू झाला तेव्हाची गोष्ट. सकाळी मुदत संपणाऱ्या नावांची यादी काढली, तर त्यात आमच्याच ऑफिसचं नाव! वास्तविक सरांनी ते पाच वर्षांसाठी घेऊन ठेवलेलं. आणि पुढं शेरा – 'ग्रहकाने फोनवर सांगितले, वाढवा.' तेच ग्रहकाने... माझी चूक, जशीच्या तशी. मी ते लिहिलं नव्हतं. म्हटलं, काहीतरी कॉपी-पेस्टचा घोळ असेल.

दुपारी सव्वाबाराला ऑफिसचा मोबाईल वाजला. स्क्रीनवर नंबर नाही, नाव नाही. मी डबा उघडत होते म्हणून सरांनी उचलला आणि सवयीनं स्पीकर लावला.

मुसळाचा एक ठोका ऐकू आला. मग आवाज – "मुदत संपतीय. काय करायचं?"

तो आवाज माझा होता. माझा! मी समोर उभी, हातात डब्याचं झाकण. रेकॉर्डिंगमधलंच माझं वाक्य, फक्त 'अक्का'च्या जागी तो ठोका.

सरांचं लक्ष लॅपटॉपमधे होतं, त्यांनी आवाज ओळखलाच नाही. म्हणाले, "वाढवा की, विचारता काय!" आणि फोन कट.

दुसऱ्या दिवशी आमची साईट गेली. मुदत शिल्लक असलेलं नाव रात्रीतून पुसलं गेलं, ईमेल बंद, सगळं बंद. कंपनीला फोन लावला तर म्हणे ग्राहकाच्या सूचनेनुसार. सर लई तणतणले. हॅक झालंय म्हणाले.

दोन आठवड्यांनी परत सव्वाबारा, परत नंबर नसलेला कॉल. तोच ठोका, तोच माझा आवाज. सरांना वाटलं, कंपनीनं मराठी येणारं कुणी फोनवर बसवलंय, हरवलेल्या नावाबद्दल विचारताहेत. ते जवळजवळ ओरडलेच, "अहो वाढवा! वाढवा म्हणतोय ना!" संध्याकाळपर्यंत आमचं अख्खं रिसेलरचं खातं बंद. पॅनल उघडेचना. या खेपेला भांडण झाल्यावर कंपनीनं पुरावा म्हणून रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात तोच प्रश्न, मग सरांचा आवाज – वाढवा, वाढवा – आणि मागं उखळ.

आता मला सांगा, त्या कंपनीत मराठीचा म येणारा एक माणूस नाही. आम्ही त्यांच्याशी हिंदीत बोलायचो. 'वाढवा' म्हणजे 'बंद करा' हे त्यांना कुणी सांगितलं?

तेव्हा कुठं सरांनी नीट कान दिला. रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं. "हा तुझा आवाज आहे."

"मी तुमच्या समोर उभी होते सर. हातात तुमचा डबा होता."

त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून त्यांनी फोन उचलणं सोडलं. ऑफिसचा नाही, स्वतःचाही नाही. घरून वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन आला तरी मी उचलायचा. गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडं गेली. साडू मात्र मजेत, अक्काच्या नावावर त्यांची पाकिटं धो-धो खपत होती. एक खोकं त्यांनी ऑफिसात पाठवलं होतं, जेवणात घ्यायला.

मे महिन्यातला एक मंगळवार. पंखा गरम वारा फेकत होता. मी ताट मांडलं – दोन भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. सर स्वतःच्या मोबाईलवर क्रिकेट बघत होते, बऱ्याच दिवसांनी जरा खुशीत होते. सव्वाबाराला ऑफिसचा फोन वाजला. त्यांनी मान न वळवताच हातानं खूण केली, बाहेर जाऊन बोल.

मी उचलला. ठोका पडला. मग माझाच आवाज माझ्या कानात म्हणाला, "मुदत संपतीय. काय करायचं?"

या खेपेला कुठली मुदत, ते मला कळलं. साईट गेली होती, खातं गेलं होतं. आता उरलं काय होतं?

मी कट करू शकले असते. बाहेर जाऊ शकले असते. मी स्पीकर चालू केला आणि फोन पालथा करून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. मग ते पाकीट फोडलं. गौरक्का लिहिलेलं. चमचा चटणीत घातला आणि रोज विचारते तसं विचारलं, "सर, चटणी वाढू का?"

"वाढ," ते म्हणाले. मग घास तोंडात असतानाच परत, "वाढव, वाढव अजून."

वाढव! ताटात वाढायला वाढव असं कोण म्हणतं? जन्मात कुणी म्हटलं नसेल. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पालथ्या फोनकडं बघितलं. उखळाचे ठोके ऑफिसभर ऐकू येत होते. ते थांबले, आणि सरांच्या हातातला भाकरीचा तुकडा ताटात पडला.

जीव वाचला. मीच रिक्षा बोलावली, मीच दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे पूर्ण नाही गेली, एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, अशा झटक्यात कधी कधी एकच शब्द जिभेवर अडकून राहतो, शास्त्रात आहे तसं. असेल की.

मी महिन्यानं बघायला गेले होते. वहिनी रडत होत्या. "काय हवं ते कळतच नाही हो अश्विनीताई. पाणी हवं का म्हटलं तरी वाढव, कूस बदलू का म्हटलं तरी वाढव. ताट नेलं की तोंड फिरवतात आणि म्हणतात वाढव." सरांनी मला ओळखलं. डोळे मोठे केले आणि तोच शब्द म्हणत राहिले, मी जिना उतरेपर्यंत.

तुम्ही विचाराल, वाईट वाटलं का? वहिनींचं वाटलं. त्यांचं नाही. ती दुपार परत आली तर मी परत चटणी वाढीन, दोन चमचे जास्त.

पण गोष्ट इथं संपली नाही, म्हणून तर इथं लिहायला बसले. मागच्या महिन्यात माझ्या मोबाईलवर मेसेज आला. नंबर अक्काचा, जो तिच्या मुलीनं बंद केला होता. मी स्वतः लावून बघितला, 'हा नंबर अस्तित्वात नाही' असंच ऐकू येतं. मेसेज असा – 'प्रिय ग्रहक, तुमची मुदत तीस दिवसांत संपत आहे. काय करायचं?' मग पंधराचा आला, मग सातचा. आज सकाळी एकचा आला.

नवऱ्याला सांगितलेलं नाही. महिना होत आला, घरात मी तो शब्द उच्चारलेला नाही. जेवायला बसले की हातानं घेते. सासूबाईंना वाटतं, मला राग आलाय.

अक्कानं मला एक प्रश्न विचारला होता आणि मी खाली बघितलं होतं. आज चारचौघांत उत्तर देते. अक्का, तू मुदत वाढव म्हणालीस. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसले. हे कुणी तिच्या मुलीपर्यंत पोचवलं तर पोचू दे, मी नाकारणार नाही. त्या फोनवर माझा आवाज कसा आला, शेऱ्यात माझी चूक कुणी लिहिली, बंद नंबरावरून मेसेज कसे येतात – मोबाईल दुकानवाल्याला विचारलं, ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारलं, कुणाकडंच उत्तर नाही.

आज रविवार. नवरा आता हिंडता-फिरता झालाय, सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक तोच करतो. मघाशी हे लिहिता लिहिता बाजूला बघितलं, तर मोबाईलवर कॉल चालू आहे. मी उचललेला नाही. नंबर नाही. कान दिला तर ठोके ऐकू येताहेत. घड्याळात सव्वाबारा.

आणि आतून नवरा तिसऱ्यांदा हाक मारतोय, "अश्विनी, ताट घेतलंय की, भात वाढू का?"

'घाल' म्हणता येईल. 'दे' म्हणता येईल. नुसतं 'हो' म्हटलं तरी चालेल. बघा, लिहिता येताहेत सगळे. तोंडाशी मात्र एकच येतोय.